एकाच माणसाची चार जन्मसाले: आयर्लंडहून आलेल्या पूर्वजाचा माग

सुदूर (धागाकर्ती)

माझ्या यजमानांचे खापरपणजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावी स्थिरावले, एवढ्या एकाच गोष्टीवर घरात सगळ्यांचे एकमत आहे. ते कधी जन्मले, कुठे जन्मले आणि कधी आले, या तिन्ही प्रश्नांवर मात्र हाती असलेला प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाला खोडून काढतो. माझ्या माहेरची वंशावळ मुलांना बरीच मागेपर्यंत सांगता येते. वडिलांच्या बाजूला मात्र या माणसापाशी वाट अडते, आणि ती मोकळी व्हावी अशी मनापासून इच्छा आहे. हयात नातेवाइकांचा विचार करून आडनाव इथे देत नाही. ते दक्षिण आयर्लंडमध्ये पदोपदी आढळणारे आहे, एवढे सांगितले की अडचण लक्षात येईल.

आता कागद. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर त्यांचे नाव 'डार्बी' असे आहे, जन्मतारीख १७ मार्च १८४५ आणि जन्मस्थळ क्वीन्सटाउन, म्हणजे काउंटी कॉर्कमधले बंदर. हे पान मी नीट न्याहाळले आहे: त्यांच्या पाच मुलांचे जन्म, दोन विवाह आणि एक मृत्यू, अशा साठ वर्षांतल्या नोंदी एकाच हाताने आणि एकाच निळसर शाईने केलेल्या आहेत, आणि अक्षर त्यांच्या धाकट्या मुलीचे आहे. १८७१ च्या विवाहनोंदीत मात्र नाव 'जेरेमाय' आणि वय २४, म्हणजे जन्म १८४७ च्या आसपास. १८७६ च्या नागरिकत्वाच्या कागदांत जन्म १८४८ आणि आगमन १८६४. १९०० च्या जनगणनेत जन्म मार्च १८४८, आगमन १८६५. १९१० च्या जनगणनेत वय ६५, म्हणजे पुन्हा १८४५, आणि आगमन १८६३. एप्रिल १९१२ च्या मृत्युदाखल्यात वय ७०, म्हणजे थेट १८४२. थडग्याच्या दगडावर १८४५ आणि 'काउंटी केरीचे रहिवासी'. यावर कडी म्हणजे कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत: १८४७ च्या भीषण दुष्काळात त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन क्वीन्सटाउनहून जहाजावर चढली.

सगळ्यांची सरासरी काढावी, असे एका नातेवाइकाने सुचवले. जे साल सर्वाधिक वेळा येते ते धरावे, असे दुसऱ्याने सांगितले. मला दोन्ही पटत नाही. खोट्याची तीन वेळा नक्कल झाली म्हणून ते खरे होत नाही. पण मग यातल्या कोणत्या कागदावर किती भार टाकावा, हे ठरवायचे कसे? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

दफ्तरखाना

सुदूर, सरासरी नाकारलीत हे उत्तम केलेत. वय हा मोजमापाचा आकडा असता तर सरासरीला अर्थ होता. इथे प्रत्येक आकडा कोणीतरी, कोणत्या तरी प्रसंगी, कशासाठी तरी तोंडी सांगितलेला आहे. म्हणून प्रत्येक कागदाला तीनच प्रश्न विचारावेत. माहिती कोणी दिली? घटनेनंतर किती काळाने दिली? आणि ती तशी देण्यात त्याचा काही लाभ होता का?

या कसोटीवर तुमचे कागद पाहू. मृत्युदाखल्यात माहिती देणाऱ्याचे नाव असते. तो मुलगा, जावई किंवा शेजारी असेल तर मृत्यूची तारीख आणि पत्ता त्याच्या स्वतःच्या माहितीतला, पण मृताचा जन्म त्याने पाहिलेला नाही. शिवाय ७० हा गोळाबेरीज केलेला आकडा वाटतो, तेव्हा १८४२ हे साल मी सर्वांत हलके धरीन. बायबलवरची नोंद एका बैठकीत लिहिली गेली आहे, हे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे ती घटनेच्या वेळची नोंद राहत नाही, लेकीची आठवण ठरते. थडग्याचा दगड बहुधा त्या बायबलावरूनच कोरला गेला असेल. म्हणजे १८४५ चे हे दोन साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दोनदा बोलला आहे. १९१० च्या वेळी जनगणनेच्या कारकुनाला उत्तर कोणी दिले हे कागदावर लिहिलेले नसते. त्या घरात तोवर १८४५ हेच साल रूढ झालेले असू शकते.

नागरिकत्वाच्या कागदाकडे जास्त सावधपणे पाहा. १८२४ च्या अमेरिकी कायद्यानुसार जो परदेशी वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी आलेला असे, त्याला नागरिकत्वाच्या इराद्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र दोन वर्षे आधी दाखल करावे लागत नसे. दोन्ही पायऱ्या एकाच दिवशी पार पडत. ही सवलत १९०६ पर्यंत टिकली. त्यामुळे अठरा नुकतेच ओलांडून आलेल्या तरुणाने आपले वय वर्षभराने कमी आणि आगमन वर्षभर आधीचे सांगितले असणे सहज संभवते. जन्म १८४८ आणि आगमन १८६४ ही जोडी नेमकी त्या सवलतीत बसते. त्याने तसे केलेच असे मी म्हणत नाही, पण तसे सांगण्याला कारण होते, एवढे नक्की.

उरतो १८७१ चा विवाह. तिथे वर स्वतः उभा होता, वय स्वतः सांगत होता, आणि चोविशीतल्या माणसाला वय चुकवून सांगण्याने काही मिळणार नव्हते. माझा कौल १८४७ च्या बाजूने आहे, अर्थात आयर्लंडमधला कागद मिळेपर्यंतच. मॅसॅच्युसेट्सच्या विवाहनोंदींत वधूवरांच्या आईवडिलांची नावेही असतात. ती मृत्युदाखल्यातल्या नावांशी ताडून पाहिलीत का?

---

पश्चिमवारा

१७ मार्च हा संत पॅट्रिकचा दिवस, आयर्लंडचा सर्वांत मोठा सण. ही जन्मतारीख पाहताच मला आपल्याकडची १ जून आठवली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिला आणि तोच जन्मभराचा वाढदिवस झाला, अशी वडीलधारी माणसे महाराष्ट्रात घरोघर आहेत. ज्या समाजात वाढदिवस साजरे करण्याची पद्धतच नव्हती, त्यात तारीख विचारली गेली की माणूस जवळचा सण सांगून मोकळा होई. तेव्हा '१७ मार्च' याचा अर्थ फार तर 'हिवाळा सरता सरता' एवढाच घ्यावा.

याच संदर्भात ॲनी मूरचे प्रकरण इथे नोंदवावेसे वाटते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. न्यूयॉर्क बंदरातले एलिस बेट १ जानेवारी १८९२ रोजी परदेशांतून येणाऱ्यांसाठी उघडले, तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती म्हणजे काउंटी कॉर्कची ही मुलगी. ती अँथनी आणि फिलिप या धाकट्या भावांसह 'नेव्हाडा' जहाजाने क्वीन्सटाउनहून आली होती आणि आईवडील आधीच न्यूयॉर्कमध्ये होते. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. तिचा त्याच दिवशी पंधरावा वाढदिवस होता, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात आयर्लंडमधल्या नोंदींनुसार तिचा जन्म मे १८७४ चा, म्हणजे ती १७ वर्षांची होती आणि वाढदिवसही त्या दिवशी नव्हता. पहिल्या दिवसाच्या बातमीला शोभेल अशी तारीख तिला चिकटली आणि शतकभर चिकटून राहिली.

पण खरी गुंतागुंत पुढची आहे. ही ॲनी पश्चिमेकडे गेली, टेक्ससमध्ये तिने संसार केला आणि १९२३ मध्ये गाडीखाली सापडून तिचा मृत्यू झाला, असे कित्येक दशके सर्वत्र मानले जात होते. त्या टेक्ससच्या कुटुंबाची त्यावर प्रामाणिक श्रद्धा होती, आणि समारंभांना त्यांच्या वंशजांना मानाने बोलावले जात असे. वंशावळीच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी मूळ कागद तपासले, तेव्हा ती टेक्ससची ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, जन्मलेली निघाली. मग खरी ॲनी कुठे गेली? २००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी बक्षीस जाहीर करून मदत मागितली, न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांनी शोधात हात दिला, आणि धागा सापडला तो ॲनीच्या कागदांत नव्हे, तर तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या कागदांत. त्यावरून कळले की ॲनीने न्यूयॉर्क कधी सोडलेच नव्हते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातच तिने जोसेफ शायर याच्याशी लग्न केले, तिला दहाहून अधिक मुले झाली, त्यांतली निम्मी लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये तिचा मृत्यू झाला. क्वीन्स भागातल्या कॅल्व्हरी दफनभूमीत ती नाव नसलेल्या कबरीत होती. २००८ मध्ये तिथे दगड बसवला गेला.

यातून तुमच्या कामाचे दोन मुद्दे निघतात. घरातली हकिगत कितीही आपुलकीने सांगितलेली असली, तरी ती पुरावा नसून शोधाची दिशा आहे. आणि माणूस सापडत नसेल तेव्हा त्याची भावंडे शोधावीत. तुमच्या खापरपणजोबांच्या भावाबहिणींबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून हे विचारतो: त्यांच्या मृत्यूची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली होती का? आयरिश माणसाच्या मृत्युलेखात मागे राहिलेल्या भावंडांचा उल्लेख हमखास असतो, आणि ती आयर्लंडमध्ये असली तर गावासकट असतो.

---

वसईकर

मी कॅथलिक असल्यामुळे चर्चच्या वह्या थोड्याफार परिचयाच्या आहेत, म्हणून लिहितो. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या कॅथलिक माणसासाठी बाप्तिस्म्याची वही हाच एकमेव समकालीन पुरावा आहे. या वह्यांच्या १८८० च्या आसपासपर्यंतच्या पानांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. बाप्तिस्मा जन्मानंतर एकदोन दिवसांतच उरकला जाई, कारण बाळ दगावण्याची भीती असे. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेला अगदी खेटून असते.

वहीत नाव लॅटिनमध्ये 'जेरेमियास' असे असेल. कॉर्क आणि केरी भागात डिअरमुड या आयरिश नावाच्या मुलाला कागदोपत्री जेरेमाय आणि घरी डार्बी म्हणत, तेव्हा तुमच्या दोन नावांत मुळीच विरोध नाही. धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे दोघे) यांची नावे दर वेळी टिपून घ्यावीत. ती बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या सख्ख्या भावंडांची असतात, आणि एकाच नावाची दोन कुटुंबे वेगळी काढायला त्यांच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही.

थडग्यावरचे केरी की क्वीन्सटाउन ज्यात येते ते कॉर्क, हाही कदाचित विरोध नसेल. केरीच्या धर्मप्रांताची हद्द आणि केरी काउंटीची हद्द एक नाही. बेअरा द्वीपकल्पाचा पुष्कळसा भाग सरकारी हिशेबात कॉर्कमध्ये येतो, पण त्यातले पॅरिश (एकेका चर्चच्या हाताखालचे परिसर) केरीच्या बिशपांकडे आहेत. मिलस्ट्रीट गावाचेही तसेच. घरचे 'आम्ही केरीचे' म्हणत असतील आणि सरकारी कागद कॉर्क म्हणत असेल, तर याच पट्ट्यात आधी शोधावे.

---

शोधयात्री

एक शंका. १८४७ मध्ये क्वीन्सटाउनहून निघाले, ही हकिगत त्या नावावरच अडखळते. त्या बंदराचे नाव तेव्हा कोव्ह होते. राणी व्हिक्टोरिया १८४९ मध्ये तिथे आली, तेव्हा ते क्वीन्सटाउन झाले, आणि १९२० च्या सुमारास पुन्हा कोव्ह झाले. अर्थात नंतरच्या पिढीने जुन्या घटनेला नवे नाव लावले असेल, म्हणून एवढ्यावरून हकिगत खोटी ठरवता येत नाही. मात्र बायबलमधले 'जन्मस्थळ क्वीन्सटाउन' हे बहुधा जहाजावर चढण्याचे ठिकाण आहे. लाखो आयरिश माणसांनी मायभूमीचा अखेरचा किनारा म्हणून तेच गाव पाहिले.

जहाजाच्या मागे मात्र आत्ताच लागू नका, असे सुचवेन. १८६० च्या दशकातल्या प्रवासी याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढेच असते. अमेरिकेच्या बंदरांत दर वर्षी त्या नावाचे कितीतरी तरुण उतरत. त्यांतला तुमचा कोण, हे यादी सांगणार नाही. 'एलिस बेटावर कारकुनाने आमचे आडनाव बदलले' असे जे घरोघर सांगितले जाते, त्यातही तथ्य नाही. याद्या निघण्याच्या बंदरात तयार होत आणि इथले अधिकारी त्या वाचून पडताळत. तुमचा पूर्वज तर एलिस बेट उघडण्याच्या कितीतरी आधी आलेला.

---

सुदूर

सर्वांची अतिशय ऋणी आहे. दफ्तरखाना, विवाहनोंद आणि मृत्युदाखला यांतली आईवडिलांची नावे जुळतात. आईचे माहेरचे आडनाव दोन्हीकडे सारखेच आहे आणि ते तुलनेने विरळ आहे. विवाहाच्या एका साक्षीदाराचे आडनावही तेच आहे, हे तुमचा प्रश्न वाचून पुन्हा कागद उघडल्यावर ध्यानात आले.

पश्चिमवारा यांनी सुचवल्याप्रमाणे फॉल रिव्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयाला लिहिले आणि तिथल्या ग्रंथपालांनी मृत्युलेखाचे कात्रण पाठवले. त्यात 'काउंटी कॉर्कमध्ये जन्मलेले' असे म्हटले आहे, आणि मागे राहिलेल्यांत 'आयर्लंडमधील कॅसलटाउनबेअर येथील एक बहीण' असा उल्लेख तिच्या नवऱ्याच्या आडनावासह आहे. कॅसलटाउनबेअर म्हणजे बेअरा द्वीपकल्पच! वसईकर, तुमचा अंदाज बरोबर दिसतो. आता या बहिणीकडून मागे कसे जावे?

---

पश्चिमवारा

बेअरा आणि फॉल रिव्हर यांचे नाते जुने आहे. फॉल रिव्हरमध्ये १८९२ साली बोर्डन दांपत्याचा खून झाला, त्या गाजलेल्या खटल्यातली साक्षीदार मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन बेअराच्याच अलिहीस गावची होती. घरातल्या मुली तिला 'मॅगी' म्हणत, कारण आधीच्या मोलकरणीचे नाव ते होते. उद्या कोणी केवळ त्या घरातल्या बोलण्यावरून तिचा शोध घेऊ लागला तर त्याला ती सापडणारच नाही. पुढे ती मोंटानाला गेली आणि १९४८ मध्ये तिथेच वारली. अलिहीसमध्ये तांब्याच्या खाणी होत्या, त्या मंदावल्यावर तिथले खाणकामगार मोंटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेले. तुमच्या कुटुंबाचा कोणी भाऊ फॉल रिव्हरला आढळत नसेल तर ब्यूटकडे नजर टाकावी.

भाऊ सैन्यात गेला असण्याचीही शक्यता आहे. ब्रिटिश सैन्याच्या निवृत्तीच्या कागदांत जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. आयरिश तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही फार मोठ्या संख्येने भरती होत. कंपनीची मुंबईची युरोपियन पलटण पुढे रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सची दुसरी बटालियन झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत.

---

दफ्तरखाना

बहीण १९१२ मध्ये हयात होती, ही मोठीच भाग्याची गोष्ट आहे. का, ते सविस्तर सांगतो.

आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचा जवळजवळ सर्वनाश झालेला आहे. १८६१ आणि १८७१ च्या मूळ याद्या सरकारनेच लवकर नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेल्या. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत होत्या, आणि ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तिथले सार्वजनिक दफ्तर जळाले, त्यात काही तुटक अंश सोडता त्याही गेल्या. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या.

पण १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले. १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्मदाखला नव्हताच. मग वय सिद्ध करायचे कसे? अर्जदार आपल्या आईवडिलांची नावे आणि १८४१ किंवा १८५१ मध्ये कुटुंब जिथे राहत होते तो टाउनलँड (जमीनमोजणीचा सर्वांत लहान तुकडा) लिहून देत, डब्लिनमधला कारकून तेव्हा शाबूत असलेल्या त्या जनगणनेत कुटुंब शोधी आणि सापडलेला तपशील अर्जावर उतरवून घेई. १९२२ मध्ये मूळ याद्या जळाल्या, पण हे शोधअर्ज वाचले. काही अर्जांवर फक्त 'आढळले नाही' एवढेच असते, तर काहींवर आईवडिलांच्या लग्नाच्या सालासकट संपूर्ण कुटुंब उतरवलेले असते. ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत.

तुमच्या या बहिणीचे वय १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांत पाहा. दहा वर्षांत ती पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसली तर नवल मानू नका. या निवृत्तिवेतनाने आयर्लंडमधल्या हजारो माणसांची वये एकदम वाढवली. मग शोधअर्ज पाहा. देशभरात असे टाउनलँड साठ हजारांवर आहेत. तो एकदा कळला की पॅरिश ठरतो आणि वही उघडता येते.

---

सुदूर

सापडले. मनात जे आहे ते नीट लिहिता येईल की नाही, सांगता येत नाही, पण प्रयत्न करते.

बहिणीचे वय १९०१ च्या जनगणनेत ५०, आणि १९११ मध्ये ६६. शोधअर्ज १९१६ चा आहे. त्यावर तिचे लग्नानंतरचे नाव आणि आईवडिलांची नावे आहेत. आईचे माहेरचे तेच विरळ आडनाव, आणि आर्डग्रूम परिसरातला एक टाउनलँड, जो काउंटी कॉर्कमध्ये आहे पण केरीच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. खाली कारकुनाने १८५१ च्या यादीतून कुटुंब उतरवले आहे. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते: वडील, आई, लग्नाचे साल, मग मुले. त्यांत 'डार्बी, मुलगा, वय ४'. त्याच्या वर एक थोरली मुलगी आणि खाली पाळण्यातली ही बहीण, वय १. म्हणजे १९१६ मध्ये तिची सत्तरी झालेलीच नव्हती आणि अर्ज बहुधा फेटाळला गेला असणार. त्या बाईच्या पदरी निराशा आली, आणि तिच्या त्या अर्जामुळे आम्हाला तिचा भाऊ मिळाला.

ती जनगणना ३० मार्च १८५१ ची. तेव्हा चार वर्षांचा डार्बी आयर्लंडमध्येच होता, तेव्हा १८४७ मध्ये कडेवर बसून अमेरिकेला येण्याची हकिगत तिथेच संपते.

मग तो टाउनलँड ज्यात येतो त्या आयरीस पॅरिशची वही पाहिली, आणि तिथे नवा पेच उभा राहिला. त्याच आईवडिलांच्या पोटी 'जेरेमियास' नावाच्या मुलाचे दोन बाप्तिस्मे आहेत: एक नोव्हेंबर १८४४ चा आणि दुसरा २ फेब्रुवारी १८४७ चा.

---

शोधयात्री

अभिनंदन. पण घाई नको. दोन बाप्तिस्मे म्हणजे दोन वेगळी कुटुंबेही असू शकतील. बेअरामध्ये त्याच त्या नावांची पुनरावृत्ती इतकी आहे की एकाच टाउनलँडमधल्या एकाच नावाच्या दोघांना ओळखण्यासाठी ग्रिफिथच्या जमीनमूल्यांकनात (करासाठी केलेल्या जमीनधारकांच्या यादीत) कंसात बापाचे नाव लिहावे लागले आहे. धर्मपिता आणि धर्ममाता कोण आहेत?

---

सुदूर

ते पाहिले. १८४४ च्या बाप्तिस्म्याची धर्ममाता आणि १८४७ च्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता दोघांचेही आडनाव आईच्या माहेरचे आहे, आणि दोन्ही नोंदींत टाउनलँड तोच आहे. धाकट्या बहिणीच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिताही तोच, जो १८४७ ला होता.

---

वसईकर

मग कुटुंब एकच. थोरला जेरेमाय दगावला आणि पुढच्या मुलाला तेच नाव दिले. मूल गेल्यावर त्याचे नाव पुढच्याला देण्याची पद्धत तिथे सर्रास होती, विशेषतः आजोबांचे नाव चालवायचे असेल तर. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याचा रिवाज होता. १८५१ च्या यादीत एकच डार्बी आहे आणि तो चार वर्षांचा आहे, हे याला पूर्ण दुजोरा देते. थोरल्याच्या दफनाची नोंद बहुधा मिळणार नाही, कारण त्या काळच्या कॅथलिक पॅरिशांत दफनाच्या वह्या क्वचितच ठेवल्या जात, आणि सरकारी मृत्युनोंदी १८६४ नंतरच्या.

त्या कुटुंबातली पुढच्या पिढीची माणसेही पाहावीत. १९०८ पासून चर्चच्या नियमानुसार विवाहाची खबर वधूवरांच्या मूळ पॅरिशला पाठवून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहिली जाते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेला एखादा पुतण्या १९०८ नंतर फॉल रिव्हरला किंवा ब्यूटला विवाहबद्ध झाला असेल, तर आयरीसच्या वहीच्या समासात ते अमेरिकेतले चर्च नावानिशी सापडेल.

---

सुदूर

आता एकेक कागद पुन्हा पाहिला की तो का तसा बोलला ते उमगते. १८७१ मध्ये वराने सांगितलेले २४ हे वय अचूक होते. १८७६ च्या कागदात एक वर्ष कमी झाले, त्याचे संभाव्य कारण दफ्तरखाना यांनी दाखवलेच आहे. आगमनाचे साल मी १८६५ धरते आहे, कारण तेव्हा ते अठरा पूर्ण केलेले होते आणि सवलतीसाठी वय कमी सांगण्याची गरज तेव्हाच पडते. मात्र हा तर्क आहे, पुरावा नव्हे, अशी टीप वंशावळीत लिहून ठेवली आहे. बायबलमधले १८४५ लेकीने कुठून आणले? कदाचित घरात कोणीतरी १८४४ च्या त्या पहिल्या मुलाबद्दल बोलले असेल आणि दोघे एकमेकांत मिसळले असतील. हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून तेही फक्त शक्यता म्हणून नोंदवले आहे.

ज्या हकिगतीला मी जवळजवळ टाकून दिले होते, तिच्याबद्दल मात्र माझे मत बदलले. १८४७ हे साल खोटे नव्हते. ते प्रवासाचे साल नव्हते, जन्माचे होते. १८४१ मध्ये जवळपास ८२ लाख असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देशाबाहेर गेली, आणि १८४७ हे त्या सगळ्यातले सर्वांत काळे वर्ष म्हणून ओळखले जाते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, एक मूल गमावलेल्या आईने त्याच नावाचे दुसरे मूल बाप्तिस्म्याला नेले आणि ते जगवले. आईने कडेवर घेऊन त्यांना वाचवले, एवढा भाग कुटुंबाने बरोबर जपला होता. समुद्र त्यात नंतर आला.

---

शोधयात्री

आपण तर्क आणि पुरावा वेगळे ठेवलेत, त्यामुळे पुढे कोणालाही हे तपासता येईल. दोन सूचना. शोधअर्जाचा क्रमांक, वहीचे पान आणि पाहिल्याची तारीख वंशावळीत त्या त्या नोंदीसमोर लिहा. आणि खोट्या ठरलेल्या तारखा पुसून टाकू नका. १८४२, १८४५ आणि १८४८ ही साले कोणत्या कागदात होती व का नाकारली, ते तिथेच राहू द्या. नाहीतर दहा वर्षांनी एखादा चुलत नातलग थडग्याचे छायाचित्र घेऊन येईल आणि सगळे पुन्हा १८४५ करून टाकील.

---

सुदूर

दोन्ही सूचना आजच अमलात आणते. यजमानांच्या चुलत बहिणीने थडग्यावरचे साल बदलून घ्यावे का, असे विचारले आहे. माझे मत नाही असेच आहे. तो दगड त्यांच्या मुलांनी उभा केला आणि त्यांना वडिलांबद्दल जे ठाऊक होते ते त्यावर कोरले. ते तसेच राहावे. १८४७ वंशावळीत लिहिले आहे, आर्डग्रूमचा टाउनलँड त्यासमोर आहे, आणि आता साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या त्या विरळ आडनावाच्या माणसाचा माग काढायला घेतला आहे. तो मामेभाऊ असावा असे वाटते. फॉल रिव्हरच्या १८८० च्या जनगणनेत तो त्याच रस्त्यावर, दोन घरे सोडून राहताना दिसतो. त्याच्याबद्दल काही हाती आले की इथेच लिहीन.